वसईची घंटा मेणवलीतच का?

प्रश्न : मी वाई तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाले, ७१ टक्के पडले. मला इतिहासात बी.ए. करायचं आहे. वडील एसटीत कंडक्टर आहेत. ते रागावत नाहीत, पण ‘इतिहासानं पोट भरतं का, ते कुणाला तरी विचारून सांग’ म्हणतात. साताऱ्यातल्या एका कॉलेजात आणि पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात अर्ज करते आहे. विद्यापीठाच्या अर्जात ‘तुम्हाला इतिहासच का शिकायचा आहे?’ यावर पाचशे शब्द लिहायचेत, नंतर मुलाखत आहे. मी लिहिलं, ‘मला लहानपणापासून गडकिल्ल्यांची आवड आहे, छत्रपती शिवाजी महाराज माझं प्रेरणास्थान आहेत.’ त्यापुढे पेन सरकत नाही. शिवाय शाळेत इतिहासाच्या तासाला मला झोप यायची, सनावळ्या कधी लक्षात राहिल्या नाहीत. मग ही आवड खरी, की नुसती गड चढायची हौस? अर्जाला तीन आठवडे उरलेत.

ता. क. मेणवलीच्या घाटावर चर्चची घंटा आहे. तिथं एका काकांना विचारलं, तर म्हणाले वसईहून आणली. वसईहून इथंच का आणली, असं विचारलं तर म्हणाले, ‘पोरी, ते कुणाला ठाऊक!’

उत्तर : तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू ताजा कलम म्हणून तळाशी टाकलंस. तुझे पाचशे शब्द तिथूनच निघतील.

गड आवडतात म्हणून इतिहासाला येणारी मुलं दरवर्षी असतात, आणि त्यात वाईट काही नाही. आवड दारापर्यंत आणून सोडते. पुढची तीन-चार वर्षं मात्र नुसत्या आवडीवर निभत नाहीत, कारण आवडीला उत्तर नको असतं. राजगड आवडतो, विषय संपला. घाटावर तुझं जे झालं ते वेगळं. एक उत्तर मिळालं, ते तुला पुरलं नाही आणि तू लगेच पुढचं विचारलंस. विद्यापीठाला अर्जात नेमकं हेच शोधायचं असतं.

आता तो प्रश्न किती चांगला आहे ते बघ. त्या घंटेवर १७०७ हा आकडा आहे. चिमाजी आप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसई घेतली ती मे १७३९मध्ये. मेणवलीचा वाडा आणि घाट नाना फडणवीसांचा, आणि नानांचा जन्म १७४२चा. म्हणजे वसई पडली तेव्हा नाना जन्मलेही नव्हते. मग मधली वर्षं घंटा होती कुठे? कुणाच्या ताब्यात? आधी पुण्यात आली आणि तिथून नानांना मिळाली, की दुसऱ्या एखाद्या देवळातून इकडे हलवली? अशा पोर्तुगीज घंटा भीमाशंकरला आहेत, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहेत. त्या वाटल्या कुणी आणि कुठल्या हिशेबानं? आणि मुळात ही वसईचीच, हे कशावरून? लोक सांगतात म्हणून, की कुठं कागद आहे?

शाळेत झोप का यायची, तेही यातच आहे. १७०७, १७३९, १७४२ हे तीन आकडे पाठ करायला दिले असते तर तुला पेंगच आली असती. शेजारीशेजारी ठेवले आणि त्यांनीच प्रश्न उभा केला. सनावळी इतिहासकाराच्या हातात गवंड्याच्या ओळंब्यासारखी असते, भिंत कुठं कललीय ते दाखवते. आणि ती कागदातून काढायची तर वेगळीच मजा आहे. पेशवाईतल्या पत्रांवर सन बहुधा अरबी शब्दांत असतो. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, एकूण ११३९. हा सुहूर सन. तो मृग नक्षत्राला सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवायचे, मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९. वसई मेमध्ये पडली, मृगाच्या आधी, म्हणून ११३९ अधिक ६००, १७३९. त्यानंतर दीड महिन्यानं लिहिलेल्या पत्रावर सन ‘अर्बैन मया व अलफ’ होतो, ११४०. त्यात ५९९ मिळवले की पुन्हा १७३९. सरसकट ५९९ मिळवणाऱ्याची वसई वर्षभर आधीच पडते! अशी एक चूक झाली की तिच्यावर रचलेला पुढचा सगळा क्रम बिघडतो.

महाराजांचं नाव अर्जातून काढून टाक, असं आम्ही म्हणणार नाही. फक्त प्रेरणा म्हणजे काय, ते नीट समजून घे. बखरींच्या आधारानं महाराजांचा जन्म वैशाख शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७चा धरला जायचा. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांकडे आली, तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ होतं, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. ज्यांनी शिवजयंतीचा उत्सव सार्वजनिक केला, त्यांनीच उत्सवाची तिथी हलवणारा कागद लोकांपुढे ठेवला. पुढे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या काळातलं संस्कृत काव्य आणि राजस्थानात मिळालेली कुंडली यांचा दुजोरा मिळाला, वाद चालूच राहिला, १९६६ साली सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली आणि १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारदरबारी पक्की व्हायला २००१ साल उजाडलं. ज्याच्यावर जीव आहे त्याची तारीखसुद्धा तपासून घ्यायची, ही तयारी असेल तर महाराजांचं नाव अर्जात खुशाल येऊ दे.

आवड खरी की हौस, हे विचार करून कळत नाही, काम करून कळतं. तीन आठवडे पुरेत.

सुरुवात घंटेपासून. देवस्थानच्या मंडळींची परवानगी घे. शिवणकामाची मऊ टेप घेऊन तोंडाचा घेर आणि उंची मोज. प्रत्येक अक्षर, आकडा, आकृती दिसते तशी वहीत उतरव. अर्थ लावायची घाई नको. फोटो चारही बाजूंनी काढ आणि प्रत्येक फोटोत घंटेशेजारी पट्टी दिसू दे, म्हणजे आकार कळतो. उठावाची अक्षरं समोरच्या उजेडात सपाट दिसतात. टॉर्च बाजूनं, घंटेला जवळजवळ टेकवून धरला की सावली पडून ती वर येतात. खडू, पीठ, हळद काही चोळू नको. अक्षरं दिसावीत म्हणून लोक शिलालेखांवर हे करतात, आणि त्यानंच अक्षरं झिजतात. मग त्या काकांना पुन्हा भेट. त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिही, त्यांचं वय लिही, आणि त्यांनी ते कुणाकडून ऐकलं तेही विचार.

मग छापलेलं. इंटरनेटवर दहा ठिकाणी ‘ही घंटा वसईची’ असं सापडेल आणि आठ ठिकाणी वाक्यसुद्धा तेच असेल. ते दहा साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दहा वेळा बोलतोय. पहिल्या वर्षाची मुलं इथंच सगळ्यात जास्त फसतात. प्रत्येक विधान मागे मागे नेत जा आणि ते पहिल्यांदा कुणी, कधी लिहिलं तिथं थांब. जुन्या साक्षीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सरकारी जिल्हा-माहितीग्रंथाचा, साताऱ्याचा खंड बघ. तो १९वा, १८८५ साली निघालेला; राज्याच्या गॅझेटियर विभागानं हे खंड ऑनलाइन ठेवले आहेत. वाई आणि मेणवलीची पानं काढ. घंटेचा उल्लेख असला तर १८८५चा साक्षीदार मिळाला. नसला तर ‘नाही’ हेही तारीख घालून लिहून ठेव. मजकूर इंग्रजी आहे. शब्दकोश शेजारी ठेवून रोज पाच पानं वाच, त्याहून जास्त नको. सायन्सची पुस्तकं वाचलीस, त्यामुळे जमेल.

दुसऱ्या आठवड्यात मूळ पत्रं. गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडलेली पत्रं १९३०च्या दशकात ४५ खंडांत छापली. त्यात वसईच्या मोहिमेचा वेगळा खंड आहे. छपाई देवनागरीत आहे, त्यामुळे मोडी येत नसली तरी अडत नाही. जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयात विचार, नाहीतर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन ये. अख्खा खंड वाचू नको, पंधरा पत्रं वाच. पहिली दोन-तीन डोक्यावरून जातील. ‘रा।’ म्हणजे राजश्री, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘छ’च्या पुढे मुसलमानी महिन्याची तारीख, एवढं कळलं की सहाव्या-सातव्या पत्रापासून माणसं बोलायला लागतात.

नोंदी कशा करतेस, याकडे आमचं सगळ्यात जास्त लक्ष आहे. एका कागदावर एकच नोंद. वर ग्रंथ, खंड, पान, पत्र क्रमांक, कुणाचं कुणाला, तारीख. खाली मूळ शब्द अवतरणात. त्याखाली रेघ, आणि रेघेखाली वेगळ्या शाईनं तुझा विचार. ही रेघ मारली नाही तर तीन महिन्यांनी लेखकाचं वाक्य कुठलं आणि तुझं कुठलं, ते तुलाच ओळखू येणार नाही. पान क्रमांक राहिला तर ते पान पुन्हा शोधण्यात अख्खा दिवस जातो. एम.ए.पर्यंत पोचलेल्यांचेही प्रबंध या दोन गोष्टींवर अडतात.

या पंधरा पत्रांत तुझी घंटा सापडण्याची शक्यता फार कमी आहे, हे आधीच सांगतो. सापडली नाही त्या संध्याकाळी काय वाटतं, ते नीट बघ. ‘आणखी एक खंड चाळून बघू’ असं वाटलं, तर बिनघोर इतिहासाला जा. घाटावर गेलो तेवढं छान होतं आणि पत्रं म्हणजे रखडपट्टी, असं वाटलं तर दुसरी पदवी घे आणि गड चढत राहा. त्यात कमीपणा काही नाही. गडांवर चांगलं काम करणारे कितीतरी लोक पोटासाठी दुसरा व्यवसाय करतात.

तिसऱ्या आठवड्यात अर्ज. ‘लहानपणापासून’ हा शब्द काढ. ‘जो इतिहास विसरतो…’ छापाची वाक्यं निवड समिती दिवसातून पन्नास वेळा वाचते, त्यांना हात लावू नको. सुरुवात अशी होऊ शकते : ‘मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ हा आकडा आहे. वसई १७३९ साली पडली आणि घाट बांधणारे नाना फडणवीस १७४२ साली जन्मले.’ दोन वाक्यांत वाचणारा अडकतो. मग तू काय काय तपासलंस, ते दीडशे शब्दांत, विशेषणं न लावता. त्यानंतर काय सापडलं नाही आणि का सापडलं नसावं. हा परिच्छेद मुलं भीतीनं टाळतात, पण वाचणारा तिथंच थांबून नीट वाचतो. शेवटचे दीडशे शब्द तुला अजून काय येत नाही आणि त्यातलं काय या विद्यापीठात शिकता येईल, यावर. तिथं विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडून त्यातल्या दोन विषयांची नेमकी नावं घाल. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ एवढंच लिहिलं तर अभ्यासक्रम बघितलेला नाही, हे लगेच कळतं. महाराज यायचे असतील तर जेधे शकावलीसारख्या एखाद्या गोष्टीतून येऊ देत. टक्क्यांचा उल्लेख नको, ते अर्जात वेगळे आहेतच. सायन्स का सोडलं, याला मात्र एक सरळ ओळ दे.

मुलाखतीत बहुधा विचारतील की हल्ली काय वाचलंस. पाच पुस्तकांच्या प्रस्तावना वाचण्यापेक्षा एक पुस्तक पूर्ण वाचून जा आणि त्यातलं कुठलं विधान तुला पटलं नाही, ते सांगता येऊ दे. ‘घंटा वसईची नाही असं मानायला तुला कुठला पुरावा पुरेल?’ असाही प्रश्न येऊ शकतो. उत्तर तयार ठेव : घंटेवर दुसऱ्या गावाचं किंवा चर्चचं नाव निघालं तर, किंवा ती दुसरीकडून आल्याचा समकालीन कागद मिळाला तर.

प्रवेश झाल्यावर एक धक्का बसेल, तो आत्ताच सांगून ठेवतो. पहिल्या वर्षात गड फारसे येत नाहीत. मौर्य येतील, फ्रेंच राज्यक्रांती येईल, जमीन महसूल येईल, पुढे इतिहासलेखनशास्त्र. महसुलापाशी गडप्रेमी मुलं हिरमुसतात. पण गडावर हवालदार होता, सबनीस होता, कारखानीस होता; सबनिसाकडे हिशेब, कारखानिसाकडे कोठार. कोठारातलं धान्य आलं कुठून? खालच्या गावांच्या महसुलातून. हा धागा धरलास तर महसुलाचा तास तुला गडावरच घेऊन जाईल.

कॉलेज निवडताना इमारत बघू नको, चार गोष्टी विचार. इतिहास मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत आहे का, की दुसऱ्या वर्षानंतर विद्यार्थी कमी म्हणून बंद करतात? इतिहासाचे कायम प्राध्यापक किती? ग्रंथालयात पेशवे दफ्तराचे खंड आहेत का, आणि ते मुलांच्या हाती देतात का? मोडीचा वर्ग होतो का? नव्या रचनेत तीन वर्षांत किमान १२० क्रेडिटांची पदवी आणि चौथं वर्ष केलं तर किमान १६० क्रेडिटांची ऑनर्स आहे. मायनरला, म्हणजे जोडविषयाला, भाषा किंवा भूगोल घे. खासगी विद्यापीठाची फी वडिलांबरोबर बसून सगळ्या वर्षांची एकत्र मांड, वसतिगृह आणि खानावळ धरून. इतिहासाच्या बी.ए.साठी कर्ज काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. साताऱ्यात चांगले शिक्षक असतील तर सातारा निवड. वाईहून पुण्याचं मंडळ गाठून एका दिवसात परत येता येतं.

मोडी पहिल्याच वर्षी शिक. आधी शिरोरेषा ओढून घेतात आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत. अक्षरओळख पंधरा दिवसांत होते, पण वाचन बसायला सहा महिने रोज अर्धा तास लागतो. पेशवाईतल्या पत्रांपासून सुरुवात केलीस तर निराश होशील. आधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची खरेदीखतं वाच. नातेवाइकांच्या घरात एखाद्या ट्रंकेत नक्की असतील. पुढे घंटेचा नाद सुटला नाही तर पोर्तुगीजही लागेल. वसईची दुसरी बाजू पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांवर जे काम केलं ते तिथल्याच कागदांवर.

आता वडिलांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्याला ‘आवड आहे’ हे उत्तर देऊ नको. खरं ते असं आहे की फक्त बी.ए. इतिहासावर पोट भरत नाही; त्याला दुसरा पाय लागतो. प्राध्यापकीसाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेतं. नेट वर्षातून दोनदा, तीन तासांत १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. पण कायम जागा थोड्या आहेत आणि सेट-नेट झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. एकट्या या वाटेवर भिस्त ठेवू नको. शाळेसाठी पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, ज्युनिअर कॉलेजला एम.ए. आणि बी.एड. पुरातत्त्वाकडे वळलीस तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. संग्रहालयं, पुराभिलेख, पुरातत्त्व या खात्यांत काम मनासारखं असतं, पण जाहिराती कधी निघतील याचा नेम नाही. मोडी वाचणाऱ्यांची गरज मात्र खरी आहे. २०२३पासून कुणबी नोंदी शोधण्याचं काम निघालं तेव्हा तहसिलांत मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली, आणि जमिनीच्या दाव्यांत तर ती कायमच लागतात. म्हणून पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. हा जोड आम्हाला फार चांगला वाटतो. मोडी वाचता येणारा जमिनीचा वकील तालुक्याच्या गावात रिकामा बसत नाही. यूपीएससी मनात असेल तर ते आत्ताच स्वतःशी कबूल कर. तिथं इतिहास ऐच्छिक घेतला तर पहिल्या पेपरात नकाशावरची वीस ठिकाणं ओळखायची असतात, अडीच-अडीच गुणांना, एकूण ५०. ती तयारी वेगळी, आणि निकाल लागला नाही तर काय, याचं उत्तर आधी हवं.

यातली एक वाट आणि तिच्यासोबत दुसरी, अशी जोडी एका कागदावर लिही. प्रत्येक वाटेला किती वर्षं, किती खर्च, आणि कुठल्या वर्षी जमलं नाही तर कुठं वळायचं, तेही लिही. वडिलांना तो कागद दे आणि त्यांना हिशेब तपासू दे.

मृगाला फार दिवस नाहीत. पाऊस लागला की कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढायला लागते. येत्या रविवारी सकाळी सातच्या आत मेणवलीत पोच. टेप, पट्टी, टॉर्च आणि पेन्सिल घे. पेन नको, वही ओली झाली तर शाई फुटते. आणि वडिलांची सुट्टी असेल तर त्यांना बरोबर ने. घेर मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतंच.